लवचिक रोखे-फंड : मोबदल्याचा पैसा टाकण्यापूर्वी चार गोष्टी



मी आपल्या कारखान्याचा जुना सभासद. घरचा ऊस धाकटा भाऊ बघतो. मी नोकरीच्या निमित्ताने विरारला आलो आणि इथलाच झालो. सहकारी बँकेत तीस वर्षे काढली, त्यातली बरीचशी कर्जखात्यावर. त्यामुळे पैसा येताना कसा दिसतो आणि जाताना कसा दिसतो, हे दोन्ही जवळून पाहिले आहे. संपादकांनी 'चार ओळी लिहा' म्हटले, म्हणून हा लेखप्रपंच.

विषय तसा रूक्ष आहे, पण निमित्त घरचे आहे. गेल्या महिन्यात गावाकडचा एक सभासद लेकीकडे नालासोपाऱ्याला आला होता, तो मला भेटायला आला. त्याची सव्वा एकर जमीन रस्त्यात गेली, मोबदल्याचे चाळीस लाख खात्यावर जमा झाले. एका बँकेच्या शाखेत पासबुक भरायला गेला, तर तिथल्या पोराने खुर्ची दिली, चहा दिला आणि हातात एक रंगीत कागद दिला. त्यावर लिहिलेले : डायनॅमिक बाँड फंड. व्याजदर वर जावो की खाली, आमचा तज्ज्ञ त्याप्रमाणे पैसा फिरवतो. मागील एका वर्षाचा परतावा नऊ टक्के.

तो मला म्हणाला, "दादा, एफडीला सात टक्केसुद्धा धड मिळत नाहीत. हे नऊ म्हणतायत, आणि वर म्हणतायत शेअरबाजार नाही, सगळे रोखेच आहेत. टाकू का चाळीसच्या चाळीस?"

मी म्हटले, "अरे, जमीन एकदाच विकली जाते. दोन दिवस दम धर."

त्या दोन दिवसांत त्याला जे सांगितले, तेच इथे मांडतो. कारण रस्ते, कालवे आणि रेल्वे आता बहुतेक तालुक्यांत जमिनी घेत आहेत, आणि असा रंगीत कागद आज ना उद्या तुमच्याही हातात पडणार आहे.

हा फंड म्हणजे काय?

सरकार आणि मोठ्या कंपन्या लोकांकडून कर्ज घेतात, त्याच्या पावतीला रोखा म्हणतात. ठरलेले व्याज, ठरलेली मुदत. फंड हजारो लोकांचे पैसे गोळा करून असे रोखे घेतो. सेबीने ऑक्टोबर २०१७ मध्ये फंडांची वर्गवारी ठरवून दिली. त्यात काही फंडांना मुदतीचे बंधन आहे, कोणी अल्प मुदतीचे, कोणी दीर्घ मुदतीचे. डायनॅमिक बाँड या वर्गाला मुदतीचे बंधन नाही. व्यवस्थापकाने सहा महिन्यांचे रोखे घ्यावेत की तीस वर्षांचे, हे त्याच्या मर्जीवर.

आता मुदतीचे एवढे महत्त्व का, हे उसावरूनच समजून घेऊ. सुरूचा ऊस बारा महिन्यांत तुटतो. आडसाली दीड वर्ष रानात उभा असतो. आडसालीचा उतारा जास्त, पण जेवढा काळ रानात उभा, तेवढी संकटेही जास्त : पाणी, हुमणी, वादळ, लांबलेली तोड. रोख्याचेही तसेच. जितकी मुदत लांब, तितका व्याजदराच्या वाऱ्यात तो जास्त हलतो.

हिशोब सोपा आहे. तुमच्याकडे सात टक्क्यांचा जुना रोखा आहे आणि बाजारात नवा रोखा आठ टक्क्यांनी मिळू लागला, तर तुमचा सात टक्केवाला पूर्ण भावाने कोण घेईल? त्याचा भाव उतरणार. किती उतरणार, हे साधारण सरासरी मुदतीवर ठरते. सरासरी मुदत सात वर्षे असेल आणि दर एक टक्का वाढला, तर भाव सुमारे सात टक्के उतरतो. म्हणजे वर्षाचे सगळे व्याज गेले. सरासरी मुदत एक वर्ष असेल, तर सुमारे एकच टक्का उतरतो. दर एक टक्का कमी झाला, तर हेच उलटे होते आणि फायदा होतो. रंगीत कागदावरचे नऊ टक्के बहुधा अशाच वर्षातले असतात.

म्हणजे हा फंड म्हणजे असा शेतकरी, जो पावसाचा अंदाज घेऊन यंदा आडसाली लावतो, पुढल्या वर्षी सुरू, कधी नुसताच खोडवा ठेवतो. अंदाज बरोबर आला तर वाहवा. चुकला तर रान त्याचे नाही, तुमचे आहे.

अंदाज बांधणे किती अवघड

मे २०२० ते मे २०२२ रिझर्व्ह बँकेचा रेपो दर चार टक्के होता. त्या काळात ज्यांच्या ठेवींची मुदत संपली त्यांना नूतनीकरणाला साडेपाचाच्या आसपास दर मिळाला, हे तुम्हांला आठवत असेल. मग महागाई भडकली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत हाच दर साडेसहावर गेला. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा दर २०२२ च्या सुरुवातीला साडेसहाच्या आसपास होता, तो वर्षाच्या मध्यास साडेसातच्या वर गेला. ज्या व्यवस्थापकाने तेव्हा आडसाली लावून ठेवला होता, त्याचे रान आडवे झाले. ज्याने आधीच मुदत आखूड केली होती, तो वाचला.

पुढची गंमत ऐका. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने दर साडेसहावरून साडेपाचावर आणला. कोणीही म्हणेल, दर उतरला म्हणजे लांब मुदतीच्या रोख्यांची चांदी. पण जूनमध्ये मोठी कपात झाल्यावर पुढच्या दोनएक महिन्यांत लांब मुदतीच्या रोख्यांचे बाजारातले दर उलटे वर सरकले आणि भाव पडले. कारण बाजाराला वाटले, आता आणखी कपात होणार नाही. बातमी चांगली आणि भाव खाली! आपल्याकडे पाऊस चांगला झाला की साखरेचा भाव पडतो, त्यातलाच प्रकार.

अशा चुका मोठमोठ्यांच्या होतात. अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक मार्च २०२३ मध्ये बुडाली. तिने ठेवीदारांचे पैसे लांब मुदतीच्या, चांगल्या दर्जाच्या रोख्यांत अडकवले होते. रोखे खोटे नव्हते, कर्जदार पळालेले नव्हते. फक्त दर वाढले, भाव पडले आणि त्याच वेळी ठेवीदार पैसे मागायला आले. मुद्दा हा, की 'सरकारी रोखे आहेत, बुडणार नाहीत' हे खरे असले तरी 'भाव पडणार नाही' असा त्याचा अर्थ होत नाही.

वसई-विरारने शिकवलेला धडा

दुसरी जोखीम वेगळी आहे आणि ती जास्त घातक आहे. ती म्हणजे कर्ज घेणारा पैसे परतच न करण्याची.

मी राहतो त्या वसईच्या बागायतीत एके काळी उसाचे फड होते. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात त्याची नोंद आहे. आज उसाचे नाव नाही, केळीच्या वाड्याही आक्रसल्या, आणि जिकडे पाहावे तिकडे इमारती. या पट्ट्यात जमिनी घेऊन बांधकाम करणाऱ्यांत एचडीआयएल ही एक मोठी कंपनी होती. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेने आपल्या कर्जांपैकी फार मोठा हिस्सा या एकाच गटाला दिला होता. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने त्या बँकेवर निर्बंध घातले, आणि सुरुवातीला ठेवीदाराला खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येत होते. अनेकांची आयुष्यभराची पुंजी अडकली. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तरी मोठ्या ठेवीदारांना टप्प्याटप्प्याने वर्षानुवर्षे वाट पाहावी लागणार, अशीच ती योजना होती.

त्याच वाधवान घराण्याच्या दुसऱ्या शाखेकडे डीएचएफएल ही घरकर्ज देणारी कंपनी होती. तिचे रोखे अनेक फंडांनी घेतले होते, पतमानांकन उत्तम होते. जून २०१९ मध्ये तिने देणे चुकवले, तेव्हा फंडांना त्या रोख्यांची किंमत एकदम खाली धरावी लागली. एका फंडाचे मूल्य तर एकाच दिवसात निम्म्याहून खाली आले. ज्यांनी 'शेअर नको, रोखे बरे' म्हणून पैसे ठेवले होते, त्यांना काय वाटले असेल?

आता आपल्या विषयाशी थेट संबंध असलेली गोष्ट. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटन कंपनीने आपल्या सहा रोखे-योजना बंद केल्याचे जाहीर केले. पंचवीस हजार कोटींहून जास्त रक्कम त्यांत होती. या सहांत एक 'डायनॅमिक अॅक्रुअल फंड' होता, म्हणजे आपल्या या लवचिक वर्गातलाच. लवचिकता कशात असायला हवी होती? मुदतीत. पण या फंडाचा भर होता तो जास्त व्याज देणाऱ्या, म्हणजे कमी दर्जाच्या कंपन्यांच्या रोख्यांवर. कोरोनाच्या टाळेबंदीत असे रोखे विकत घ्यायला कोणी राहिले नाही आणि दरवाजे बंद करावे लागले.

न्यायाने सांगायचे तर त्या सहा योजनांतले पैसे पुढे परत मिळाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, फेब्रुवारी २०२१ मध्ये पहिला हप्ता वाटला गेला, आणि पुढच्या तीनएक वर्षांत सगळे मिळून बंद झाल्या दिवशीच्या मूल्यापेक्षा जास्तच रक्कम वाटली गेली. पण ज्याच्या घरी मे २०२० मध्ये दवाखान्याचे बिल होते, त्याला २०२१ चा हप्ता काय कामाचा? उसाचे बिल चौदा दिवसांत मिळावे असा १९६६ पासून कायदा आहे. तो का आहे, हे आपल्यापेक्षा कोणाला जास्त कळणार! उशिरा आलेला पैसा हा कमी आलेला पैसाच असतो. जुन्या सभासदांना युनिट ट्रस्टची 'युनिट ६४' योजना आठवत असेल. जुलै २००१ मध्ये तीही अशीच थांबली होती.

मग हा फंड वाईटच का?

नाही. असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्या बाजूने तीन गोष्टी खऱ्या आहेत.

एक, एफडीचे व्याज दरवर्षी करपात्र धरले जाते, हातात येवो न येवो. फंडात कर पैसे काढताना लागतो. एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा फंडाच्या नफ्यावर पूर्वीची सवलत राहिली नाही, तो नफा तुमच्या उत्पन्नात धरून नेहमीच्या दराने कर लागतो. तरीही कर पुढे ढकलला जातो, एवढा फायदा उरतो. आपल्यापैकी अनेकांना वाटते की शेतीचे उत्पन्न करमुक्त, म्हणून आपल्याला कर नाहीच. तसे नाही. बाकीचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर गेले, तर कराचा दर ठरवताना शेतीचे उत्पन्नही हिशोबात घेतात. चाळीस लाखांचे व्याज म्हणजे वर्षाला अडीच-तीन लाख. हिशोबनिसाला विचारून घ्यावे.

दोन, पैसा बँकेत पाच वर्षांसाठी गुंतवला आणि मुदत संपली तेव्हा नेमका दर पडलेला असला, तर आपण अडकतो. फंडात सगळी रक्कम एकाच दिवशी नव्या दरावर येत नाही.

तीन, चांगला व्यवस्थापक खरोखरच काही वेळा मुदत वेळेवर आखूड करतो. ते कसब आहे. दरवेळी साधत नाही, इतकेच.

या बदल्यात तो खर्च घेतो. तोच फंड एजंटाकडून घेतला तर खर्च जास्त, थेट योजनेत घेतला तर कमी. जानेवारी २०१३ पासून थेट योजना प्रत्येक फंडात आहे. धरा, खर्चामुळे वर्षाला पाऊण टक्क्याचा फरक पडला : एकाला सात टक्के, दुसऱ्याला सव्वासहा. किरकोळ वाटते ना? दहा लाख रुपये दहा वर्षे ठेवले तर सात टक्क्यांनी १९ लाख ६७ हजार होतात, सव्वासहा टक्क्यांनी १८ लाख ३३ हजार. एक लाख ३४ हजारांची वजावट, आणि पावतीवर कुठे दिसतही नाही. काट्यावर एका खेपेला पन्नास किलो कमी लागले तर आपण गेटवर आवाज करतो. इथे गप्प का?

पारख कशी करावी?

घेण्यापूर्वी हे चार प्रश्न विचारावेत. विकणाऱ्याला उत्तरे देता आली नाहीत, तर नमस्कार करून उठावे.

१. जोखमीचा वर्ग कोणता? डिसेंबर २०२१ पासून प्रत्येक रोखे-फंडाच्या कागदावर एक चौकट छापावी लागते. अक्षर ए, बी किंवा सी हे पैसे बुडण्याच्या जोखमीचे, अंक एक, दोन किंवा तीन हा व्याजदराच्या जोखमीचा. माझ्या मते आपण ए-तीन याच वर्गातला फंड पाहावा. म्हणजे रोखे उत्तम दर्जाचे, फक्त भावाचा चढउतार सोसायचा. बी आला की जपून, सी आला की कागद परत.

२. आत कोणाचे रोखे आहेत? फंड आपली यादी जाहीर करतो. सरकारी रोखे आणि उत्तम दर्जाच्या सार्वजनिक संस्था जास्त असाव्यात. एकाच गटाच्या कंपन्या जास्त दिसल्या तर वर सांगितलेली बँक आठवावी.

३. व्यवस्थापकाचा मागचा अंदाज कसा होता? एका वर्षाचा परतावा विचारू नका. २०२१ अखेरचा, २०२२ च्या मध्याचा आणि जून २०२५ चा मासिक अहवाल काढायला सांगा आणि सरासरी मुदत काय होती ते बघा. दर वाढण्याआधी त्याने मुदत आखूड केली होती की वाढल्यावर? पाऊस पडून गेल्यावर छत्री उघडणारे पुष्कळ असतात. आणि तोच माणूस अजून त्या फंडात आहे का, हेही विचारा.

४. खर्च किती, थेट योजनेत किती?

पण त्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न

पैसा केव्हा लागणार आहे? सगळी मेख इथे आहे.

पैसा केव्हा लागणार हे ठाऊक असेल, तर अंदाज बांधणाऱ्या माणसाची गरजच काय? मुलगी सहा वर्षांनी कॉलेजात जाणार असेल तर सहा वर्षांची मुदतठेव करावी, किंवा ज्या फंडाची मुदत ठरलेली असते आणि जो रोखे मुदतीपर्यंत धरून ठेवतो, तो घ्यावा. नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेकडे थेट खाते उघडून सरकारी रोखेही घेता येतात, घरातल्या शिकलेल्या पोराला सांगितले तर जमते. शिवाय बँकेतून मिळणारे सात वर्षांचे बदलत्या व्याजदराचे बचत-रोखे आहेत. त्यांचा दर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रापेक्षा ०.३५ टक्के जास्त असतो, सहा महिन्यांनी ठरतो आणि भाव पडण्याची भीतीच नाही. पैसा मात्र सात वर्षे अडकतो.

लवचिक फंड कोणासाठी? ज्याचा काही पैसा पाच-सात वर्षे लागणार नाही, नेमका केव्हा लागेल ते ठाऊक नाही, आणि मधल्या एखाद्या वर्षी वाढ शून्य दिसली तरी ज्याची झोप उडणार नाही, त्याच्यासाठी. तेही सगळा पैसा नव्हे, एक हिस्सा.

आणि एक गोष्ट विसरू नये. आपण आधीच जोखमीत आहोत. ऊस रानात, बिल कारखान्याकडे, पाणी आभाळात. ज्याच्या मुख्य धंद्यातच इतकी अनिश्चितता, त्याने राखीव पैशातही अंदाजावर खेळू नये. राखीव पैसा कंटाळवाणाच असावा.

त्या सभासदाबरोबर बसून आम्ही शेवटी अशी वाटणी केली. ट्रॅक्टरचे कर्ज पाच लाख होते, ते आधी फेडले. बारा टक्क्यांचे कर्ज डोक्यावर ठेवून आठ टक्क्यांच्या मागे धावणे हे शहाणपण नव्हे. पीककर्जाला मात्र हात लावला नाही. तीन लाखांपर्यंतचे वेळेवर फेडले तर व्याज शून्य पडते, ते वेळेवर फेडायचे इतकेच. पाच लाख ठिबक आणि विहिरीला. बारा लाख तीन वेगवेगळ्या बँकांत, प्रत्येकी चार लाख, कारण ठेवविमा एका बँकेत व्याजासह पाच लाखांपर्यंतच आहे. दहा लाख सात वर्षांच्या बचत-रोख्यांत. उरलेले आठ लाख लवचिक फंडात, ए-तीन वर्गाच्या, थेट योजनेत, आणि तेही एकदम नाही, दर महिन्याला थोडे.

तो म्हणाला, "दादा, मग नऊ टक्के काही मिळत नाहीत."

मी म्हटले, "नसतील मिळत. पण पोरीच्या लग्नाच्या दिवशी पैसे मिळतील."

यावर तो हसला आणि चहा मागितला.

प्रत्येकाची वाटणी अशीच असावी असे नाही. कोणाचे वय वेगळे, कोणाची गरज वेगळी. हे माझे मत आहे, कोणाला पटणार नाही, त्यांनी जरूर लिहावे, पुढच्या अंकात वाद घालू. विनंती एवढीच : सही करण्यापूर्वी कागद घरी आणावा, घरच्या बाईमाणसाला आणि शिकलेल्या मुलामुलींना दाखवावा, आणि दोन रात्री उशाखाली ठेवावा. चांगली गुंतवणूक दोन दिवसांनी पळून जात नाही. 'आजच करा' असे जो म्हणतो, त्याला उद्या भेटावे.

आपला,
एक सभासद, विरार